पंचवीस मोहरांचं पाणी

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाच्या २०१४ सालच्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये लेम्यूर नावाचा एक सैतान आहे. नरकाच्या उतरंडीतलं अगदी तळचं मडकं. वितळलेल्या मेणासारखा मांसाचा गोळा आणि त्यात कसाबसा ओळखू येणारा माणसाचा चेहरा. जिवाचे तेरा हिट पॉइंट, बचावाचा आर्मर क्लास सात, मारला तर दहा एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण. नव्याने खेळायला बसलेला मुलगाही त्याला दोन-तीन घावांत लोळवतो. पण त्याच्या नोंदीत एक नियम आहे. नरकात मारलेला लेम्यूर एक ते दहा दिवसांत पुन्हा उठतो, सगळे हिट पॉइंट घेऊन. त्याला कायमचं संपवायचं तर मारणारा सत्प्रवृत्त हवा आणि त्याच्यावर 'ब्लेस'चा मंत्र चालू हवा. तसं नसेल, तर त्याच्या अवशेषांवर पवित्र पाणी शिंपडावं लागतं. या पाण्याच्या एका कुपीची किंमत नियमपुस्तकात २५ सुवर्णमुद्रा दिली आहे.

दहा एक्सपीच्या जिवासाठी पंचवीस मोहरा कोण मोडेल? खेळाच्या हिशेबात हे बसतच नाही. म्हणून बहुतेक टेबलांवर हा नियम वाचला जातो आणि विसरला जातो. मीही कित्येक वर्षं तसंच केलं. आता मला वाटतं, की या खेळाने पन्नास वर्षांत सैतानांबद्दल जे काही गंभीरपणे म्हटलंय, ते त्या एका ओळीत आहे. डेमोगॉर्गन, ऑर्कस, अ‍ॅस्मोडियस हे बडे राजे पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर मिरवतात. विचार करायला लावतात ती मात्र तळाची पिल्लावळ: लेम्यूर, मेनीज, लार्व्हा, इम्प, क्वासिट.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. टेबलाभोवती चार-सहा जण बसतात, प्रत्येकाचं एक पात्र असतं. डीएम म्हणजे डंजन मास्टर गोष्ट चालवतो, आणि जिथे निकाल अनिश्चित असेल तिथे फासे टाकले जातात. सोंगट्या नसल्या तरी चालतं, पट नसला तरी चालतं. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या गावातून गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये हा खेळ बाजारात आणला. पहिल्या पेटीत सैतान म्हणावा असा एकच, टॉल्किनकडून उचललेला बॅलरॉग, आणि तोही पुढे कायदेशीर हरकतीमुळे काढावा लागला. १९७६ च्या 'एल्ड्रिच विझर्ड्री' या पुरवणीत डेमन आले. सगळे मोठे, सगळे भयंकर, आणि बरेचसे 'टाइप वन', 'टाइप टू' असे नुसते क्रमांक लावलेले. तळाची माणसं तिथे नव्हती. ती आली १९७७ च्या पहिल्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये.

मी 'माणसं' म्हणतोय ते जाणूनबुजून. या पुस्तकात मेलेल्या दुष्ट माणसाचं काय होतं याची पहिल्यांदा नीट व्यवस्था लागली. नियमाने, शिस्तीने दुष्टपणा करणारे डेव्हिलांच्या नऊ नरकांत जातात आणि तिथे लेम्यूर होतात. बेबंदपणे दुष्टपणा करणारे डेमनांच्या अ‍ॅबिसच्या ६६६ थरांत जाऊन मेनीज होतात. आणि ज्यांनी ना नियम पाळला ना बेबंदपणाची हौस केली, फक्त स्वतःपुरतं पाहिलं, ते लार्व्हा होतात: माणसाच्या तोंडाच्या पिवळट अळ्या. नाइट हॅग नावाच्या चेटकिणी या अळ्या गोळा करून विकतात. त्यांच्यापासूनच इम्प आणि क्वासिट घडवले जातात. एका खेळाच्या पुस्तकात, हिट डाइस आणि खजिन्याच्या रकान्यांच्या मधोमध, परलोकाचं एक पूर्ण अर्थशास्त्र मांडून ठेवलेलं आहे.

आता या नावांकडे बघा. तिन्ही नावं रोमन आहेत आणि तिन्ही पूर्वजांशी किंवा मृतांशी जोडलेली. मेनीज म्हणजे रोमनांचे पितर. त्यांच्या थडग्यांवर 'डी. एम.' अशी दोन अक्षरं कोरलेली असतात, त्यांचा अर्थ 'पितृदेवतांस' असा. लेम्यूर म्हणजे ज्यांना शांती मिळाली नाही असे, घराभोवती घुटमळणारे मृतात्मे. त्यांच्यासाठी मे महिन्यात ९, ११ आणि १३ तारखेला लेम्यूरिया पाळला जाई. ऑव्हिडने त्याचं वर्णन केलंय: मध्यरात्री घरचा कर्ता अनवाणी उठतो, हात धुतो, काळ्या शेंगांचे दाणे मागे न पाहता फेकतो, नऊ वेळा ठरलेले शब्द म्हणतो, मग काशाची भांडी वाजवून मृतांना घराबाहेर जायला सांगतो. लार्व्हा म्हणजे भूत, आणि मुखवटासुद्धा. अठराव्या शतकात लिनीयसने तो शब्द कीटकांच्या पिल्लांना दिला, कारण त्यांचं खरं रूप मुखवट्याआड असतं. मादागास्करच्या रात्री फिरणाऱ्या प्राण्यांना लीमर हे नावही त्याचंच.

पितृपक्षात काळे तीळ आणि पाणी सोडणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला हे वाचून काय वाटतं, ते वेगळं सांगायला नको. ज्यांना रोमन घरात दाणे टाकून निरोप द्यायचे, तेच १९७७ मध्ये तलवारीने कापायचे गोळे झाले. गायगॅक्सचं वाचन अफाट होतं, आणि शब्द कुठूनही उचलून आणून बसवण्याची त्याला हौस होती. नावांमागचा हा सगळा पसारा त्याच्या मनात किती होता, हे महत्त्वाचं नाही. शब्द आपल्याबरोबर आपलं सामान घेऊन येतात. लेम्यूरला मारूनही तो मरत नाही, त्याला पवित्र वस्तूच संपवू शकते, हे १९७७ च्या नोंदीतही होतं. रोमन विधीतली एक जुनी समजूत, की मृताला शस्त्राने घालवता येत नाही, विधीनेच घालवावं लागतं, ती नावाबरोबर नियमात शिरली आणि आजपर्यंत टिकली.

इम्पची गोष्ट निराळी आहे आणि जास्त दुखरी आहे. जुन्या इंग्रजीत 'इम्पा' म्हणजे झाडाला फुटलेली डिरी, कलम करायची काडी. त्यावरून वंशज, पोर. मग 'सैतानाचं पोर'. आणि मग इंग्लंडमधल्या चेटकिणींच्या खटल्यांत चेटकीण पाळते ते भूत म्हणजे इम्प. १६४५ च्या मार्चमध्ये एसेक्समधल्या मॅनिंगट्री गावात एलिझाबेथ क्लार्क नावाच्या म्हाताऱ्या, गरीब, एका पायाने अधू बाईला धरलं गेलं. चेटकिणी हुडकणाऱ्या मॅथ्यू हॉपकिन्सने आणि त्याच्या साथीदारांनी तिला रात्रीमागून रात्री झोपू दिलं नाही. शेवटी तिने आपल्या इम्पांची नावं सांगितली. हॉपकिन्सच्या १६४७ च्या पुस्तिकेत ती छापलेली आहेत: होल्ट नावाचं मांजराचं पिल्लू, पाय नसलेला लठ्ठ कुत्रा जार्मारा, बैलाच्या डोक्याचा ग्रेहाउंड व्हिनेगर टॉम, एक काळा ससा, आणि न्यूज नावाचा पोलकॅट. एकटीने राहणाऱ्या बाईचे पाळीव प्राणी असावेत तशीच ही नावं वाटतात. तिला फाशी झाली.

१९७८ च्या 'प्लेयर्स हँडबुक'मध्ये 'फाइंड फॅमिलियर' हा मंत्र आला. जादूगाराला पाळीव सोबती मिळतो: काळं मांजर, घुबड, बेडूक. फासा अनुकूल पडला आणि जादूगार कायद्याने चालणारा दुष्ट असला तर इम्प येई, बेबंद दुष्ट असला तर क्वासिट. तीनशे वर्षांपूर्वी जो आरोप होता तो आता सामर्थ्य झाला. इम्प जवळ असेपर्यंत मालकाची पातळी एकाने वाढे, आणि तो मेला तर चार पातळ्या घसरत. मला हा बदल पूर्ण चुकीचा वाटत नाही. एखाद्या बाईला मारायला वापरलेली कल्पना उलटी करून खेळणाऱ्याच्या हातात ठेवणं, यात थोडा न्यायही आहे. पण त्यात एलिझाबेथ क्लार्क हरवली आणि फक्त इम्प उरला. इम्प मिळालेल्या प्रत्येक खेळाडूला एकदा तरी या बाईबद्दल सांगावं, असं मला मनापासून वाटतं.

इम्पच्या शेपटीत नांगी असते. १९७७ मध्ये ती लागली आणि विषाविरुद्धचा फासा चुकला की पात्र जागच्या जागी मरत असे. २०१४ मध्ये त्याच विषाचं नुकसान सहा बाजूंचे तीन फासे टाकून मोजायचे, आणि फासा साधला तर निम्मंच लागायचं. नांगी बोथट झाली तशी जीभ तिखट झाली. आजचा इम्प गुपचूप अदृश्य होतो, उंदीर, कावळा किंवा कोळी बनून कुठेही शिरतो, मालकापुढे गोड बोलतो, आणि त्याची खरी निष्ठा वर कुठेतरी असते. क्वासिट वटवाघूळ, गोम किंवा बेडूक होतो आणि त्याला कसलीच योजना नसते, फक्त खोड्या आणि भीती. डेव्हिल आणि डेमन यांच्यातला फरक मोठ्या राजांच्या लढाईत जितका कळत नाही तितका या दोन वीतभर प्राण्यांत कळतो.

मग आलं १९८० चं दशक, आणि त्याबरोबर अमेरिकेतली ती भीती. या खेळाने पोरं सैतानाच्या नादी लागतात असं म्हणणाऱ्या संघटना निघाल्या. आपला मुलगा गमावलेल्या पॅट्रिशिया पुलिंग यांनी १९८३ मध्ये एक संघटना काढली आणि हा आरोप देशभर पोचवला. १९८९ ची दुसरी आवृत्ती आली तेव्हा प्रकाशक टीएसआरने 'डेमन' आणि 'डेव्हिल' हे शब्दच काढून टाकले. १९९१ मध्ये तेच जीव 'टनारी' आणि 'बाटेझू' अशा नव्या नावांनी वेगळ्या पुरवणीत परतले. पण १९९३ चं मुख्य 'मॉन्स्ट्रस मॅन्युअल' उघडून पाहा. बडे राजे त्यात नाहीत, आणि इम्प आहे. क्वासिट आहे. १९८१ च्या 'फीन्ड फोलिओ'तून आलेले मेफिट आहेत, पाताळातल्या धन्यांचे निरोप पोचवणारे भडक पोशाखाचे हरकामे. राजांना दरवाजा बंद झाला आणि घरगडी आतच राहिले, कारण त्यांना कोणी मोजलंच नव्हतं.

१९९४ च्या 'प्लेनस्केप'ने या घरगड्यांना प्रतिष्ठा दिली. डेव्हिड कुकच्या त्या जगात डेमन आणि डेव्हिल यांचं अनंत युद्ध चालू असतं. त्यात लेम्यूर आणि मेनीज लाटांवर लाटा करून मरतात, आणि शहरात चहाच्या दुकानात एखादा छोटा सैतान तुमच्या शेजारी बसून सौदा करतो. टोनी डिटर्लिझीने काढलेली चित्रं पाहिली की तुम्हाला त्यांच्याशी बोलावंसं वाटतं. त्या काळी ही चित्रं पाहून कित्येक खेळाडूंनी तलवार उपसण्याआधी 'तू कोण?' असं विचारायला सुरुवात केली असेल, याची मला खात्री आहे, कारण मीही तिथूनच सुरुवात केली.

२००० च्या तिसऱ्या आवृत्तीत जुने शब्द परत आले. २००६ मध्ये दोन मोठी पुस्तकं निघाली, एक अ‍ॅबिसवर, एक नरकावर. नरकावरच्या पुस्तकात आत्म्यांच्या बढतीची शिडी अगदी तपशिलाने मांडलेली आहे: लेम्यूरपासून वर, एकेक पायरी, एखाद्या मोठ्या कचेरीसारखी. मग २००८ ची चौथी आवृत्ती, आणि तिच्याबद्दल माझी तक्रार आहे. तिने 'मिनियन' नावाचा प्रकार आणला: एकच हिट पॉइंट असलेले शत्रू, जे एका घावात पडतात. लीजन डेव्हिल हे त्यातलेच. लढाई चुरचुरीत व्हायला ही युक्ती उत्तम आहे, डीएमला हिशेब ठेवावा लागत नाही, खेळाडूंना पराक्रमाचा आनंद मिळतो. पण एका आकड्याने या जीवांचा भूतकाळ पुसून टाकला. एक हिट पॉइंट असलेल्या माणसाला 'तू कोण होतास' असं कोणी विचारत नाही. चौथ्या आवृत्तीत खूप काही चांगलं होतं, आणि तिच्यावर झालेली बरीच टीका मला अन्यायाची वाटते. ही एक गोष्ट मात्र मला मान्य नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. खेळाला कोणीतरी असा शत्रू लागतो ज्याला मारताना मनाला बोचणी लागत नाही. २०२० च्या जूनमध्ये या खेळाचे आताचे मालक विझर्ड्स ऑफ द कोस्ट यांनी जाहीर केलं, की खेळातल्या ऑर्क आणि ड्राउ या जमातींचं जन्मतः दुष्ट असं चित्रण यापुढे बदलू. ते योग्यच होतं. एखादी जमात जन्मानेच दुष्ट आहे ही कल्पना खऱ्या जगात किती रक्त सांडते हे आपल्याला ठाऊक आहे. पण मग बोचणीशिवाय मारायचं कोणाला? सर्वसाधारण उत्तर: सैतानांना. ते तर मूर्तिमंत दुष्टपणा.

हे उत्तर मोठ्या सैतानांना लागू पडेलही. तळाच्यांना ते लागू पडत नाही, आणि का पडत नाही ते खेळाच्याच पुस्तकात लिहिलेलं आहे. लेम्यूर ही जमात नाही. लेम्यूर जन्माला येत नाही. तो कोणीतरी होता. त्याने काही केलं, मेला, आणि हे झाला. ऑर्कच्या बाबतीत जन्माला दोष देणं चूक होतं, इथे दोष कृत्याचाच आहे, आणि म्हणूनच ज्याने ते कृत्य केलं त्याच्याकडे बघावं लागतं. वर नियम असंही म्हणतो, की बडे सैतान लेम्यूरला बढती देऊ शकतात. म्हणजे तुम्ही भेटता त्या प्रत्येक डेव्हिलमध्ये, कुठेतरी खाली, एक माणूस असू शकतो, ज्याला आपलं नाव आठवत नाही. अ‍ॅबिसमधली दशा याहून भयंकर आहे. तिथे डेमनांचे राजे मेनीजना खाऊन कायमचे नष्ट करतात, आणि ऑर्कस त्यांचे घूल आणि छाया बनवतो.

२०१९ च्या 'डिसेंट इनटू अ‍ॅव्हर्नस' या साहसात अ‍ॅव्हर्नस या नरकातल्या रणगाड्यांना इंधन म्हणून आत्म्यांची नाणी वापरतात. प्रत्येक नाण्यात एक आत्मा कोंडलेला. १९७७ च्या नाइट हॅगचा अळ्यांचा बाजार बेचाळीस वर्षांनी असा पुन्हा उघडला, आणि या वेळी नाणं खेळाडूच्या हातात होतं. गाडी चालवायची तर ते जाळावं लागतं. लेखकांनी तो पेच टेबलावर ठेवला याबद्दल मला आदर आहे. बेल्जियमच्या लारियन स्टुडिओचा 'बॉल्डर्स गेट ३' हा २०२३ चा संगणक खेळही अ‍ॅव्हर्नसच्या आकाशात इम्प मारण्यापासूनच सुरू होतो. लाखो नव्या खेळाडूंची या जगाशी पहिली ओळख म्हणजे एक इम्प कापणं. तिथे विचार करायला उसंत नसते, आणि संगणकाला 'हा कोण होता' असं विचारताही येत नाही. टेबलावर येतं. समोर डीएम नावाचं माणूस बसलेलं असतं.

आमच्या पुण्यातल्या टेबलावर हे विचारलं गेलं ते एका शनिवारी रात्री, साडेअकराच्या सुमारास. आमची टोळी अ‍ॅव्हर्नसमध्ये होती. सहा लेम्यूर मारून झाले होते. डीएम बेरीज करत होता, "सहा दाहे साठ, पाच जणांत बारा-बारा, लिहून घ्या." आमच्यात एक मैत्रीण क्लेरिकचं, म्हणजे पुजारिणीचं, पात्र खेळते. ती तिच्या कॅरेक्टर शीटवर पेन्सिल टेकवून थांबली होती.

"अरे, माझ्याकडे पवित्र पाणी आहे ना?"

"आहे. दोन कुप्या. कशाला?"

"यातला एक कोण होता सांग."

डीएमने वही चाळली. त्यात काही नव्हतं, असणार तरी कसं. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, की वितळलेल्या तोंडाच्या डाव्या बाजूला एक जुना व्रण आहे, तराजूच्या साखळीने पडावा तसा. हा धान्य तोलणारा होता. दुष्काळाच्या वर्षी याने मापात पाप केलं, एका घरातली दोन पोरं गेली, आणि याला ते कळलं होतं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "याच्यावर एक कुपी." पंचवीस मोहरांची कुपी तिने शीटवरून खोडली. बाकीच्या पाचांसाठी तिच्याकडे एकच उरली होती. कोणासाठी वापरायची यावर आम्ही एक वाजेपर्यंत बोलत बसलो. लढाई त्या दिवशी पुढे सरकली नाही.

त्यामुळे अपराध माफ झाला असं तिचं म्हणणं नव्हतं. मीही तसं म्हणत नाही. ती दोन पोरं परत आली नाहीत. त्याची शिक्षा दर काही दिवसांनी नव्याने सुरू होत राहणार होती, आणि ती कुठेतरी थांबावी एवढंच तिने ठरवलं. थांबवायला जे लागतं ते स्वतःच्या खिशातून दिलं. या खेळात दहा एक्सपीसाठी माणसं किती तरी करतात. एक्सपी न मिळता, उलट पदरचं घालून, शत्रूसाठी काही करायची जागा नियमांनी फार थोड्या ठिकाणी ठेवली आहे, आणि त्यातली एक खेळातल्या सगळ्यांत दुबळ्या सैतानाजवळ आहे. ती ठेवणाऱ्याला हे अभिप्रेत होतं की नाही यावर वाद घालता येईल. नियम मात्र तिथे आहे, छापील.

डीएमने आता वहीत एक पान ठेवलंय. पुढच्या सेशनला जे लेम्यूर भेटतील ते तो आधीच लिहून आणतो, एकेका ओळीत. परवा मी ते पान पाहिलं. भावाच्या जागी अंगठा उठवणारा. सराईची मालकीण, जिने तापाने फणफणलेल्या वाटसरूला रात्री बाहेर काढलं. विहिरीचं पाणी नासलंय हे माहीत असून गप्प राहिलेला पाटील. चौथ्या ओळीवर फक्त 'शाळामास्तर' लिहून पुढे जागा मोकळी सोडली होती. त्याने काय केलं, ते अजून त्याला सुचलेलं नव्हतं.